उलट्या छापाचं तिकीट

थोरात बाईंनी भिंग बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "वेल्हाळ, 'हंगामी'तला 'मी' अर्धा सूत खाली उतरलाय."

मी कागद खिडकीच्या उजेडात धरला. उतरला होता. वीस वर्षं छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात घालवलेल्या माझ्या डोळ्यांना ते दिसलं नव्हतं आणि पासष्ट वर्षांच्या बाईंनी ते बसल्या जागी पकडलं होतं.

"हे एक पान परत छापून आणतो," मी म्हणालो.

"एकच छापलंत तर शाई बाकीच्यांशी जुळायची नाही. सगळीच छापा."

सगळी म्हणजे अठ्ठेचाळीस पानं. मी गठ्ठा उचलला.

ही गोष्ट सत्याहत्तर सालची, दसऱ्याच्या आसपासची. मिरजेत स्टेशन रोडला माझा छापखाना होता. पायानं चालवायचं एक ट्रेडल मशीन, खिळ्यांच्या चार केसेस आणि कामाला दोन माणसं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, नाटकांची हँडबिलं अशी कामं असायची. थोरात बाई, म्हणजे सलोमी थोरात, दवाखान्यात मेट्रन होत्या आणि निवृत्तीनंतर चर्चच्या मागं दोन खोल्यांत एकट्याच राहत होत्या. अडुसष्ट साली माझ्या बायकोला, शैलाला, क्षयानं धरलं तेव्हा ती सात महिने बाईंच्या वॉर्डात होती. आमची माणसं दारातूनच डबा आत सरकवून निघून जायची. बाई तिच्या पलंगावर बसून तिचे केस विंचरायच्या. शैला चालत घरी आली. त्यानंतर बाईंनी मला कुठलंही काम सांगितलं असतं तरी मी नाही म्हटलं नसतं. त्यांनी सांगितलं ते हे काम होतं, तिकिटांच्या पानांवर मथळे छापून देण्याचं.

तिकिटं आयर्लंडची होती. मिरजेत बसून आयर्लंडची तिकिटं कशाला जमवता, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. बाईंना नर्सिंग शिकवलं ते मिस किओ नावाच्या आयरिश नर्सनं. ती एकोणीसशे वीस साली मिरजेला आली, परत कधी गेली नाही आणि सेहेचाळीस साली इथंच वारली. जाताना तिनं बाईंच्या हातात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा दिला. त्यात घरून आलेली पत्रं होती. बहुतेक तिच्या धाकट्या भावाची, डॅनियलची. तो कॉर्क गावात पोस्टात कारकून होता.

आयर्लंड इंग्रजांच्या हातून सुटलं ते बावीस साली. नवं सरकार आलं, पण नवी तिकिटं तयार व्हायला वेळ होता. म्हणून त्यांनी इंग्लंडचीच तिकिटं घेतली, पाचव्या जॉर्जच्या डोक्याची, आणि राजाच्या तोंडावरच काळ्या शाईत आपल्या भाषेत पाच ओळी छापल्या. 'आयर्लंडचं हंगामी सरकार, १९२२.' एकाहून जास्त छापखान्यांना ते काम दिलं होतं आणि प्रत्येकाच्या अक्षराचं वळण, शाईची झाक निराळी होती. वर्षअखेर त्यांचं स्वतःचं पहिलं तिकीट निघालं. हिरवं, त्यावर अख्ख्या बेटाचा नकाशा. "तेव्हा बेटाचे दोन तुकडे झालेले होते," बाई मला दाखवायच्या, "पण नकाशात रेघ कुठंय?" मग तलवारीचं, क्रुसाचं, चार प्रांतांच्या ढालींचं अशी तिकिटं येत गेली. बाईंनी ती सगळी तीस वर्षांत एकेक करून मिळवली होती. लंडनच्या व्यापाऱ्यांना पत्रं घालून, मुंबईच्या दुकानांतल्या जुन्या वह्या चाळून. सुट्टी मिळाली की त्या तिकिटांसाठीच जायच्या.

पण संग्रहाचा जीव होता तो डॅनियलच्या शेवटच्या पाकिटात. बावीस सालच्या जुलैतलं पत्र. वर छाप मारलेलं दोन पेनीचं नारिंगी तिकीट. त्या उन्हाळ्यात आयरिश लोक आपापसांतच लढायला उठले होते आणि सप्टेंबरात डॅनियल त्यात गेला. गोळी इंग्रजांची नव्हती, त्याच्याच गावच्या कुणाची तरी होती. मिस किओला हे कळलं ते दोन महिन्यांनी, आईच्या पत्रातून.

त्या शेवटच्या पत्रात डॅनियलनं एक गंमत लिहिली होती. त्यांच्या पोस्टात आलेल्या एका तावावर छाप उलटा पडला होता. अक्षरं सरळ बघावीत तर राजा डोक्यावर उभा. दिवसभर सगळे हसत होते आणि साहेबाच्या लक्षात येईपर्यंत काही तिकिटं विकलीही गेली. मिस किओ ही गोष्ट सांगताना दर वेळी हसायची आणि हसता हसता गप्प व्हायची, असं बाई सांगत. तसल्या उलट्या छापाचं दोन पेनीचं तिकीट बाई तीस वर्षं शोधत होत्या. लंडनच्या एका लिलावाच्या यादीत त्याचा फोटो आला होता, तो त्यांनी कापून ठेवला होता. नवव्या पानावर डॅनियलच्या पाकिटाशेजारी एक काळी चौकट त्यांनी माझ्याकडून छापून घेतली. आत काही नव्हतं.

मथळे दुसऱ्यांदा छापून मी घेऊन गेलो त्या दिवशी बाईंचे डोळे पिवळे दिसले. मी काही विचारण्याआधीच त्यांनी सांगितलं, दुसऱ्या कुणा रुग्णाबद्दल सांगावं तसं. पोटात गाठ आहे, डॉक्टरांनी बघितली, कापण्यात अर्थ नाही, चार महिने मिळाले तर पुष्कळ. मग त्या पानं मोजू लागल्या. डिसेंबरात पुण्याला तिकीट संग्राहक मंडळाचं प्रदर्शन होतं. बाईंनी आजवर संग्रह कुठं मांडला नव्हता. आता त्यांनी अर्ज केला होता आणि मंडळानं तीन फ्रेमा दिल्या होत्या, एकेका फ्रेमेत सोळा पानं.

"मिसची पत्रं एकदा लोकांनी बघावीत," त्या म्हणाल्या. "मग मी मोकळी."

मी तिथून निघालो तो डोक्यात ती रिकामी चौकट घेऊनच.

पुढं मी जे केलं ते अवघड नव्हतं, हेच त्यातलं वाईट. पहिल्या पानावर शोभेसाठी म्हणून बाईंनी मला आयरिश छापाचा फोटो दिला होता आणि त्यावरून मी कोल्हापुरात जस्ताचा ब्लॉक करून आणला होता. तिकिटावर असतो त्याच मापाचा. तो माझ्या टेबलाच्या खणात होता. कागदाच्या कामाला मुंबईला गेलो तेव्हा फोर्टातल्या एका दुकानातून साधी इंग्लंडची दोन पेनीची नारिंगी तिकिटं आणली, मूठभर, कुणीही विकत घेईल अशी. सगळी वापरलेली होती. त्यांतली कमीत कमी शिक्का पडलेली सहा निवडली. एका रविवारी दुपारी छापखाना बंद असताना काळ्या शाईत किंचित तपकिरी मिसळली, ब्लॉक उलटा बसवला आणि एकेक तिकीट मशीनखाली घातलं. पाच वाया गेली. सहावं असं उतरलं की माझा मलाच अभिमान वाटला. पोस्टाच्या शिक्क्याची एक पुसट कड तेवढी उजव्या कोपऱ्यात खाली होती. छाप तिथवर येत नाही हे मी आधी मोजून घेतलं होतं.

बाईंना मी सांगितलं की मुंबईत एका पारशी कुटुंबाचा जुना अल्बम फुटला, त्यात हे निघालं. दुकानदाराला त्याची किंमत माहीत नव्हती. हे वाक्य मी गाडीत तीनदा मनाशी म्हणून पाहिलं होतं.

बाईंनी चिमट्यानं तिकीट उचललं आणि हातभर अंतरावर धरलं. भिंग त्यांच्या कोपराशी पडलं होतं. त्यांनी ते उचललं नाही. बराच वेळ त्या नुसत्या बघत राहिल्या. मग टेबलाशी सरकून त्यांनी ते तिकीट स्वतःच्या हातानं चौकटीत बसवलं.

"मिस असायला हवी होती," त्या म्हणाल्या.

त्या रात्री घरी मी शैलाला बाईंच्या आजाराबद्दल सांगितलं, तिकिटाबद्दल नाही. एका मरणाऱ्या बाईला मी सुख दिलं होतं आणि त्यात कुणाचं काही गेलं नव्हतं, असंच मला तेव्हा वाटत होतं.

पुण्याला मीच त्यांना घेऊन गेलो. त्यांना फार चालवत नव्हतं. हॉलमध्ये पोचल्यावर मात्र त्यांनी कुणाला पानांना हात लावू दिला नाही. खुर्चीवर बसून एकेक पान त्या माझ्याकडे द्यायच्या आणि मी काचेमागं अडकवायचो. तीन फ्रेमा पूर्ण झाल्या तशा त्या उठून दहा पावलं मागं गेल्या आणि लांबून बघत उभ्या राहिल्या. पहिल्या दिवशी पुष्कळ लोक येऊन गेले. कॉलेजातले एक प्राध्यापक डॅनियलचं पत्र वाचून तिथंच थबकले आणि परत पहिल्या पानापासून बघायला लागले. बाईंनी दुपारचं औषध चुकवलं, इतक्या त्या बोलत होत्या.

दुसऱ्या दिवशी परीक्षक आले. मुख्य परीक्षक मुंबईचे जाल पंथकी होते. सत्तरीचे, उंच, बोलायला मऊ. ते प्रत्येक संग्रहासमोर थांबून मांडणाऱ्याशी बोलत होते आणि मागं पंधरावीस जणांचा घोळका चालला होता. बाईंच्या संग्रहासमोर ते इतरांपेक्षा जास्त वेळ थांबले. आपल्या देशात आयर्लंडचा इतका चांगला संग्रह आपण पाहिला नाही, असं ते बाईंना म्हणाले. मग ते नवव्या पानाशी वाकले आणि वाकलेलेच राहिले. खिशातून भिंग काढलं. बाईंची परवानगी घेऊन काच उघडायला लावली आणि पान खिडकीशी नेलं.

"बाई, जरा इकडे या," ते म्हणाले.

बाई गेल्या. मीही त्यांच्या मागं गेलो.

त्यांनी अगदी सावकाश समजावून सांगितलं. छाप मारून तिकीट पोस्टात येतं, मग ते पत्रावर लागतं आणि मग त्यावर पोस्टाचा शिक्का पडतो. म्हणजे शिक्का छापाच्या वर असायला हवा. इथं कोपऱ्यात शिक्क्याची रेघ होती आणि छापाचं एक अक्षर त्या रेघेच्या वर बसलं होतं. तिकीट आधी कुणीतरी वापरलं होतं, छाप नंतर मारला होता.

मला तिथंच कळलं. पाच ओळींतली शेवटची ओळ नुसत्या आकड्यांची, आखूड असते. पहिली लांब असते. मी जागा मोजली ती छाप सरळ धरून. उलटा केल्यावर लांब ओळ खाली आली होती आणि तिचं पहिलंच अक्षर त्या कोपऱ्यात गेलं होतं. छापणाऱ्याच्या हातून होऊ नये अशी ती चूक होती.

"हे तिकीट कुणाकडून आलं?" पंथकींनी विचारलं.

बाईंनी वळून माझ्याकडे बघितलं.

तेव्हाचं माझं मन मी कितीदा तपासलंय. दोन वर्षांपूर्वी आणीबाणीत एका पत्रकापायी माझा छापखाना सतरा दिवस सील झाला होता. घोळक्यातलं कुणीतरी तेवढ्यात म्हणालं होतं की हे पोलिसांत द्यायला हवं. हे सगळं खरं आहे. पण यातलं काही त्या क्षणी माझ्या डोक्यात नव्हतं. मला तेवढंच जाणवत होतं की वीस माणसं बघताहेत आणि अजून कुणी माझ्याकडे बघत नाही.

बाई माझ्याकडे बघत थांबल्या. मग त्या पंथकींकडे वळल्या.

"ते मी लावलंय," त्या म्हणाल्या. "खोटं आहे हे मला ठाऊक होतं."

पंथकींना ते पटलं नसावं. त्यांनी पुन्हा विचारलं, बाईंनी पुन्हा तेच सांगितलं. मग नियमाप्रमाणे जे व्हायचं ते झालं. संग्रह स्पर्धेतून बाद. बाईंना पुन्हा कुठल्याही प्रदर्शनात भाग घ्यायला बंदी. एक खोटं निघालं तर बाकीच्याचा काय भरवसा, असं लोक आता उघड बोलू लागले. एका गृहस्थांनी डॅनियलच्या पाकिटावर बोट ठेवून म्हटलं, हेही असंच घरी बसून केलेलं असणार. बाईंनी तोंड उघडलं ते तेव्हाच. हे पाकीट खरं आहे, एवढं त्या म्हणाल्या. मंडळाची दोन माणसं खाकी कागद आणि गोंदाची पट्टी घेऊन आली आणि तिन्ही फ्रेमा झाकू लागली. मी बाईंना बाहेर चला म्हणालो. त्या हलल्या नाहीत. शेवटची फ्रेम झाकली जाईपर्यंत तिथंच उभ्या होत्या.

पानं प्रदर्शन संपल्यावरच मिळतील असं सांगितलं गेलं. आम्ही दुसऱ्या दिवशी रिकाम्या हातानं एस.टी.नं मिरजेला आलो. सगळ्या रस्त्यात त्यांनी एकदाच तोंड उघडलं, खिडकी लावून घ्या म्हणून.

त्यानंतर मी तीन आठवडे त्यांच्याकडे गेलो नाही. शैला एक दिवसाआड पेज घेऊन जायची. ती येऊन सांगायची की बाई विचारतात, वेल्हाळ बरे आहेत ना. मंडळाकडून पानांचं पार्सल आलं, वर निकालाचं पत्र होतं, हेही तिनंच सांगितलं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी गेलो. बाई पलंगावर होत्या, अंगावर नुसतं कातडं राहिलं होतं. पार्सल खुर्चीवर होतं, दोरी न सोडलेलं.

"बाई, ते तिकीट मी केलं," मी म्हणालो.

"माहीत आहे."

"आधीपासून?"

"नाही." त्यांना बोलायला वेळ लागत होता. "तुम्ही आणलंत म्हणून मी त्याला भिंग लावलं नाही. तीस वर्षांत भिंग न लावता पानावर चढवलेलं ते एकच."

"मग तिथं तसं का म्हणालात?"

"पंथकींनी विचारलं तेव्हा मी तुमच्याकडे बघितलं. तुमचा चेहरा बघितला आणि कळलं. मग मी थांबले, वेल्हाळ. वाटलं, हे आता बोलतील. तुम्ही बोलला नाहीत. त्यांना कुणीतरी उत्तर द्यायला हवं होतं."

मी माफी मागायला लागलो. त्यांनी हातानं थांबवलं.

"मला राग आलाय. मी मरायला टेकलेय म्हणून तो गेला असं समजू नका. माझं नाव गेलं त्याचं काही नाही, मला आता नावाचं काय करायचंय. डॅनियलचं पत्र खोटं म्हणाले ते लोक. मिसनं ते चोवीस वर्षं उशाशी ठेवलं होतं. ते खरं आहे असं मला पंथकींकडून लिहून हवंय. आणि तुम्ही खरं लिहिल्याशिवाय ते तसं लिहायचे नाहीत."

"लिहितो."

"लवकर लिहा," त्या म्हणाल्या.

मी त्याच दुपारी लिहिलं. छापखान्यात बसून, दोन पानं, सगळं जसं घडलं तसं, खाली सही आणि पत्ता. पाकिटावर तिकीट लावलं. पोस्टाची पेटी माझ्या दारापासून शंभर पावलांवर होती. पाकीट मी खणात ठेवलं, उद्या टाकू म्हणून. दुसऱ्या दिवशी एका शाळेचं मोठं काम आलं. तिसऱ्या दिवशी वाटलं, आधी शैलाला सांगावं. चौथ्या दिवशी ती माहेरी गेली होती. रोज सकाळी मी खण उघडायचो आणि बंद करायचो. नवव्या दिवशी चर्चची घंटा वाजली आणि शेजारचा शिंपी येऊन म्हणाला की थोरात बाई गेल्या.

मातीला मी गेलो होतो. बाईंना मिस किओच्या शेजारी जागा मिळाली. नगरहून त्यांचा पुतण्या प्रबोध दोन दिवस आधीच आला होता, चाळिशीचा, सरळ माणूस. तो मला भेटायला पुढं आला, पण मी गर्दीत मागं सरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते पाकीट पेटीत टाकलं.

उत्तर यायला मार्च उजाडला. पंथकी आजारी होते म्हणून उशीर झाला असं त्यांनी लिहिलं होतं. पत्र माझ्या पत्त्यावर, पण नाव बाईंचं. बाई गेल्याचं मी माझ्या पत्रात लिहिलंच नव्हतं. ते लिहिलं तेव्हा त्या होत्या आणि पाठवताना उघडून त्यात भर घालायचा मला धीर झाला नव्हता. पंथकींनी लिहिलं होतं की बंदी उठवली आहे आणि तसं मंडळाच्या सर्व सभासदांना कळवलं आहे. प्रदर्शन संपल्यावर पानं परत पाठवण्याआधी त्यांनी स्वतः सगळीच्या सगळी भिंगाखाली घातली होती आणि ते एक सोडून सगळं अस्सल होतं. डॅनियल किओचं पाकीट खरं आहे असा सहीशिक्क्याचा वेगळा कागद सोबत जोडला होता. असं पाकीट आपण उभ्या आयुष्यात दुसरं पाहिलं नाही, असं त्यांनी लिहिलं होतं, आणि डिसेंबरात मुंबईला बाईंच्या संग्रहासाठी एक पूर्ण भिंत राखून ठेवत आहोत, प्रकृती जपावी.

बाईंचं सामान प्रबोध घेऊन गेला होता, म्हणून ते पत्र घेऊन मी त्याच आठवड्यात नगरला गेलो. पत्ता शोधत पोचलो तेव्हा प्रबोध घरीच होता. त्यानं मला आत बसवलं, बायकोला चहा टाकायला सांगितलं. मी विचारलं, बाईंची ती पानं कुठं आहेत.

"ती खोट्या तिकिटांची?" तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात कुत्सितपणा नव्हता, त्याला तेवढंच माहीत होतं. पार्सलवरचं मंडळाचं पत्र त्यानं वाचलं होतं. त्याची बायको शाळेत शिक्षिका होती. मुलांच्या हस्तकलेच्या तासाला तिनं ती तिकिटं नेली होती. मुलांनी पाण्यात भिजवून ती सोडवली आणि पुठ्ठ्यावर मोर चिकटवला होता. पाकिटांवरचीही सोडवली. पत्रं इंग्रजीत होती, जीर्ण होती, घरात कुणाला लागत नव्हती. ती मागच्याच महिन्यात बंबात गेली.

मी पंथकींचं पत्र त्याच्या हातात दिलं.

"खोटं एकच होतं," मी म्हणालो. "ते मी केलं होतं. बाईंनी माझ्यावरचं स्वतःवर घेतलं."

त्यानं पत्र एकदा वाचलं, मग पहिल्यापासून परत वाचलं. सहीशिक्क्याचा कागद उलटून मागची बाजू पाहिली. त्याची बायको चहाचे कप घेऊन दारात येऊन उभी राहिली होती. तिनं ऐकलं होतं हे तिच्या तोंडावरून दिसत होतं.

"जायच्या आदल्या दिवशी आत्या माझ्याशी बोलली होती," प्रबोध म्हणाला. "म्हणाली, त्या पार्सलचं काय करायचं ते वेल्हाळ येऊन सांगतील. तोवर हात लावू नकोस." त्यानं पत्राच्या घड्या होत्या तशा घातल्या. "महिनाभर वाट बघितली मी तुमची."

त्याच्या बायकोनं कप माझ्यासमोर ठेवला आणि ती आत गेली.